चिखलातली शिकवणी

वीस वर्षे मुंबईत गाडी हाकली म्हणून मी स्वतःला ड्रायव्हर समजत होतो. आगाशीच्या मामांनी तो भ्रम एका सकाळीत घालवला. मोतीबिंदूमुळे त्यांचे गाडी चालवणे बंद झाले. मग सुकेळ्यांसाठीच्या राजेळी केळ्यांचे घड वाडीतून सडकेवर आणायचे कोणी? भाचा हजर!

जीप जुनी; १९४१ साली अमेरिकी लष्करासाठी जन्मलेल्या जातीची. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे. "एकाने पुढच्या चाकांना जोर द्यायचा, दुसऱ्याने गाडी संथ पण ताकदवान करायची. आणि हे चिखलात शिरण्याआधी, रुतल्यावर नव्हे!"

शहरी सवयीने मी क्लच अर्धा दाबून ठेवला, मध्येच गिअर बदलला. चाके जागीच गरगरली. चिखल मामांच्या लेंग्यावर!

"क्लचवरचा पाय काढ. एकच गिअर, एकसारखी गती. आणि अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नकोस."

मी हसलो. त्यांनी आपला वाकडा अंगठा पुढे केला. पुढचे चाक दगडावर आपटले की जुन्या जीपचे स्टिअरिंग हिसक्याने फिरते आणि त्याचा आरा अंगठ्यावर बसतो. लहानपणापासून मी तो अंगठा पाहत होतो. कधी विचारले मात्र नव्हते.

तिसऱ्या खेपेस घड सडकेला लागले. परतताना मामा शेजारी गप्प बसले होते. फक्त प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता.