खेळ कुणाचा, जीव कुणाचा?



‘मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. ‘चुकतमाकतच माणूस शिकतो’ हे वाक्यही ऐकले असेल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या एकत्र ठेवून आपण कधी पाहत नाही. पाटीवर अक्षर चुकले तर ते पुसता येते. पाटीला दुखत नाही. सायकल शिकताना पडलो तर आपलाच गुडघा फुटतो. पण शिकाऊ माणसाच्या हाती दुसऱ्याचा जीव असेल, तर त्याच्या चुकीची किंमत कोणी द्यायची? हा प्रश्न समजावून घेण्यासाठी आज आपण एका दूरच्या नदीवर जाऊ.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात सान हुआन नावाची नदी आहे. तिच्यावर १९६२ साली नावाहो धरण पूर्ण झाले. आजूबाजूचा प्रदेश रुक्ष आणि कोरडा आहे. मात्र धरणातून नदीत सोडले जाणारे पाणी जलाशयाच्या तळाजवळचे असते. तिथे सूर्याची उष्णता पोहोचत नाही. त्यामुळे धरणाखाली पाण्याचे तापमान बारा महिने सुमारे ५ ते ७ अंश सेल्सिअस राहते. उन्हाळ्यात ते तापत नाही आणि हिवाळ्यात गोठत नाही. ट्राउट या माशाला असेच थंड, स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. म्हणून तिथे रेनबो ट्राउट आणि ब्राउन ट्राउट या दोन्ही जाती भरपूर वाढल्या. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीतही हौशी लोक तिथे मासे पकडायला जातात.

ही मासेमारी आपल्या गळाच्या मासेमारीहून वेगळी आहे. तिला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. ‘फ्लाय’ म्हणजे उडणारा कीटक. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. बारीक गळावर धागा, पीस आणि केस गुंडाळून खोटा कीटक बनवतात. तो इतका हलका असतो की, दगडासारखा फेकता येत नाही. म्हणून जाड, वजनदार दोरी वापरतात आणि लवचीक काठीने ती दोरीच मागे-पुढे झुलवून फेकतात. दोरीबरोबर कीटकही जातो. सान हुआन नदीवर हिवाळ्यात चिलटांसारख्या किड्यांच्या नकला वापरतात. त्यांचे गळ २० ते २६ क्रमांकाचे असतात. या मापात आकडा जितका मोठा तितका गळ लहान! त्यामुळे असा खोटा कीटक तांदळाच्या दाण्याहूनही लहान असू शकतो.

आता कल्पना करा, एक नवशिका माणूस हिवाळ्यात पहिल्यांदाच अशा नदीवर आला आहे. त्याने छातीपर्यंत येणारा, पाणी आत न शिरणारा पोशाख घातला आहे. हवा शून्याखाली आहे. काठीवरच्या ज्या कड्यांतून दोरी जाते, त्यांत पाण्याचे थेंब गोठून बर्फ होतो आणि दोरी अडकते. बोटे बधिर होतात. बारीक गळाच्या छिद्रातून धागा ओवणे म्हणजे मोठी परीक्षाच! जाणकार माणूस असल्या पहाटे धडपडत नाही. तो ऊन चढेपर्यंत थांबतो. कारण हिवाळ्यात साधारणपणे दुपारचे काही तासच चांगले असतात.

थंड पाण्यातला मासा आपली शक्ती जपून वापरतो. त्याचे रक्त आपल्यासारखे उष्ण नसते. पाणी थंड तर शरीर थंड आणि हालचालही मंद. तो संथ, खोल पाण्यात तळाशी राहतो आणि खाद्यामागे दूर धावत नाही. खाद्य वाहत त्याच्या तोंडाशी आले, तरच ते घेतो. म्हणून खोटा कीटक तळाजवळून, अगदी प्रवाहाच्या वेगानेच वाहिला पाहिजे. दोरीने तो किंचितही ओढला गेला, तर माशाला संशय येतो. नवशिक्याची दोरी नेमकी इथेच ओढली जाते. म्हणून दिवसभरात त्याला एकही मासा मिळाला नाही, तर त्यात नवल नाही.

इथपर्यंत सगळी किंमत शिकणाराच देतो. थंडी त्याची, निराशा त्याची, रिकामे हातही त्याचेच. हे योग्य आहे. पण आता तीन चुका पाहा. त्यांची किंमत मासा देतो.

पहिली चूक पायांची. ब्राउन ट्राउटची मादी शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला नदीच्या गोट्यांत अंडी घालते. ती कुशीवर वळते, शेपटीने गोटे उडवून खळगा करते, अंडी घालते आणि ती पुन्हा गोट्यांनी झाकते. एक किलो वजनाची मादी साधारण दीड ते दोन हजार अंडी देते. पाच अंश तापमानाच्या पाण्यात ती अंडी फुटायला जवळजवळ तीन महिने लागतात. म्हणजे नवशिका जेव्हा पाण्यात पाय टाकतो, तेव्हा पुढची पिढी त्याच्या बुटाखाली असू शकते! अमेरिकेतच मोंटाना राज्यातील संशोधकांनी १९९२ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. अशा जागेवरून रोज दोनदा चालत राहिल्यास अंडी आणि गोट्यांतली पिल्ले मिळून शंभरांपैकी ९६ पर्यंत मेली. अंडी फुटण्याच्या जरा आधी एकदाच चालले, तरी ४३ पर्यंत मेली. चालणाऱ्याला मात्र काहीच कळत नाही. ना आवाज, ना रक्त! एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे, की गोट्यांत आजूबाजूपेक्षा उजळ आणि स्वच्छ दिसणारा लांबट गोल पट्टा दिसला, तर तिथे पाय टाकायचा नाही.

दुसरी चूक हातांची. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करतो. कोरड्या हाताने किंवा लोकरीच्या हातमोज्याने मासा धरला, तर हा थर निघतो. गारठलेल्या माणसाला हातमोजा काढून हात बर्फासारख्या पाण्यात बुडवावासा वाटत नाही. पण तेवढे करायलाच हवे.

तिसरी चूक मोहाची. पहिला मासा गळाला लागला की आनंद होतो. मग फोटो हवा असतो, लांबी मोजायची असते, मित्राला हाक मारायची असते. तोवर मासा हवेतच! कडाक्याच्या थंडीत ओले, नाजूक कल्ले गोठू लागतात. कॅनडातील संशोधकांचा एक प्रयोगही १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी रेनबो ट्राउटना पार थकेपर्यंत पळवले. नंतर जे पाण्यातच ठेवले, त्यांतले शंभरांपैकी १२ मेले. जे ३० सेकंद हवेत ठेवले, त्यांतले ३८ मेले. जे ६० सेकंद हवेत ठेवले, त्यांतले ७२ मेले. हा प्रयोगशाळेतला प्रयोग होता. नदीत प्रत्येक मासा इतका थकत नाही, त्यामुळे तिथे इतके मासे मरतातच असे नाही. पण एका फोटोला किती वेळ लागतो, याचा हिशेब आपण करावा.

काही जण म्हणतील, ‘मग हा खेळच बंद करा.’ या मताला आधार आहे. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून, मासा सोडून देण्याच्याच हेतूने पकडायला कायद्याने मनाई आहे. खायचा असेल तर पकडा, केवळ खेळ म्हणून जीवाला त्रास देऊ नका, हा त्यामागचा विचार. दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. अमेरिकेत १९५० च्या कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरील कराचे पैसे माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना मिळतात. ज्याने नदीत उभे राहून तिला निरखले, तो तिच्यात घाण सोडणाऱ्याविरुद्ध बोलण्याचीही शक्यता जास्त. म्हणून हा खेळ बंदच करावा, असे मला वाटत नाही. पण शिकण्याचा क्रम बदलावा, असे ठामपणे वाटते.

तो क्रम असा असावा. दोरी फेकायला आधी मैदानात शिकावे. दोरीच्या टोकाला गळ नको, लोकरीचा तुकडा पुरे. नदीवर गेल्यावर पहिला तास काठावर उभे राहून फक्त पाहावे : मासे कुठे आहेत, किडे कोणते आहेत, गोटे कुठे उजळ दिसतात. गळ बिनकाट्याचा असावा, म्हणजे तो पटकन निघतो. धागा पुरेसा मजबूत असावा, म्हणजे माशाला फार वेळ झुंजावे लागत नाही. मासा पाण्यातच ठेवून, ओल्या हाताने सोडवावा. आणि सोबत उस्ताद असावा. शागिर्दाचा पाय चुकीच्या जागी पडण्याआधी जो ‘थांब’ म्हणेल असा!

आपल्या देशातही ट्राउट आहे. महाराष्ट्रातल्या नद्या त्याला उष्ण पडतात. पण काश्मीरच्या नद्या मानवतात. १९०० साली ब्रिटनमधून ब्राउन ट्राउट तिथे आणला गेला. तिथे मासेमारीचा हंगाम साधारणपणे एप्रिल ते सप्टेंबर असतो. हिवाळ्यात नदी माशांची! सान हुआनसारखी नदी मात्र वर्षभर खुली असते. तिथेही नियम आहेत. धरणाखालच्या काही मैलांत बिनकाट्याचाच गळ वापरावा लागतो आणि पकडलेला मासा सोडावा लागतो. पण प्रत्येक पावलावर कायद्याचा पहारा नसतो. जिथे कायदा पाहत नाही, तिथे माणसाने स्वतःवर पहारा ठेवायचा असतो.

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेक जण कधी ट्राउट पकडणार नाहीत. पण तुम्ही काही ना काही शिकाल. कुणी रिक्षा चालवायला शिकेल, कुणी इंजेक्शन द्यायला, कुणी शिकवायला. बी.एड.चा विद्यार्थी शाळेच्या वर्गावर जाण्याआधी आपल्याच सोबत्यांना विद्यार्थी समजून छोटे पाठ घेतो. त्यामागेही हाच विचार आहे : कच्चेपणा आधी आपसांत खर्च व्हावा, मुलांवर नव्हे.

चुका तर होणारच. त्यांना घाबरून शिकणे सोडू नका. फक्त चूक करण्याआधी एक प्रश्न विचारा : ‘ही चूक झाली, तर दुखणार कुणाला?’ उत्तर ‘मला’ असेल, तर बेधडक पुढे जा. उत्तर ‘दुसऱ्याला’ असेल, तर थोडे थांबा, नीट पाहा, हात ओला करा आणि मगच पुढे व्हा.