दिसायला लागलं का?

दिवाळीच्या अंकात डोळ्याच्या दुखण्याचे पुराण कशाला, असे कुणी विचारील. त्याला उत्तर असे की, हे पुराण गेल्या दिवाळीतच आमच्या जतच्या घरी, ओसरीवर घडले. माझ्या उजव्या डोळ्याची काचबिंदूची शस्त्रक्रिया होऊन तेव्हा अठरा दिवस झाले होते. फराळाला येणारा जो तो दारातूनच विचारी, "काय गुरुजी, दिसायला लागलं का?" मी "नाही" म्हणालो की तो घरच्या मंडळींकडे कीव आल्यासारखे पाही आणि चकलीचा तुकडा मोडीत म्हणे, "म्हणजे आपरेशन फसलं म्हणायचं!"

चार दिवसांत अशा चाळीसएक जणांनी माझे आपरेशन फसवले. अखेर पाडव्याच्या रात्री माझाही धीर सुटला. आता काय उपयोग, असे म्हणून मी औषधाचे थेंब घातले नाहीत. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला आलेल्या बहिणीने बाटली तशीच पाहिली आणि ओवाळण्याआधी मला रागे भरून थेंब घालायला लावले. त्या बहिणीची गोष्ट पुढे येईल. आधी या प्रश्नाचा समाचार घेतो.

"दिसायला लागलं का?" हा प्रश्न मोतीबिंदूचा आहे. तो काचबिंदूच्या रोग्याला विचारणे म्हणजे घराला लागलेली आग विझवणाऱ्याला "जळालेले धान्य कुठे आहे?" असे विचारणे होय. डोळ्याच्या आत एक निर्मळ पाणी सतत पाझरत असते आणि बारीक चाळणीतून बाहेर जात असते. हे अश्रू नव्हेत. ही चाळणी तुंबली की बहुधा आतला दाब चढतो आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. नजर कडेकडेने जाते. समोरचे अक्षर पुष्कळ काळ वाचता येते, म्हणून रोग्याला पत्ता लागत नाही. सुकलेली ही नस पुन्हा हिरवी करील असे औषध वा अशी शस्त्रक्रिया आजही नाही. शस्त्रक्रिया करते ते एवढेच : वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात लहानशी झडप कापून ती साचलेल्या पाण्याला नवी वाट देते. म्हणजे तलावाला सांडवा काढते. पावसासाठी आभाळाकडे पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या आमच्या तालुक्याला सांडवा काय हे शिकवायला नको. सांडव्याने बुडालेले शेत परत मिळत नाही. उरलेले गाव वाचते.

या घोटाळ्याचे मूळ थोडेफार आपल्या शब्दांतही आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात. पण मोती काढून घेता येतो. तडकलेली काच सांधत नाही. मोतीबिंदूच्या यशाने तर आपले डोळे दिपून गेले आहेत. त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगीचे डॉ. मोदी यांनी गावोगाव शिबिरे भरवून असंख्य गोरगरिबांना दृष्टी दिली. सरकारने १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याचाही मोठा भर मोतीबिंदूवरच राहिला. त्या कामाला माझा नमस्कार आहे. पण पट्टी सोडताच नातवाचे तोंड दिसले, या एका चित्राने समाजाला असे वेड लावले की, ज्या शस्त्रक्रियेत असा चमत्कार नाही ती त्याला शस्त्रक्रियाच वाटेनाशी झाली.

शास्त्र मात्र याबाबतीत मागे नाही. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात काम करणाऱ्या इलियट यांनी १९०९ मध्ये डोळ्याला बारीक छिद्र पाडून पाणी बाहेर काढण्याची रीत मांडली. १९६८ मध्ये इंग्लंडात केर्न्स यांनी झडपेची शस्त्रक्रिया पुढे आणली, आणि तीच थोड्याफार फरकाने आजही होते. उणीव सुरीची नाही. सुरी खाली ठेवल्यानंतरच्या तीन महिन्यांची आहे.

ते तीन महिने कसे असतात, हे रोग्याला आधी कुणी सांगत नाही. एरवी जखम भरून येणे हे सुदैव. इथे ती पुरती भरली तर सांडवाच बुजतो. म्हणून सुरुवातीला दर दोन तासांनी थेंब. म्हणून दुसऱ्या दिवशी तपासणी आणि मग महिनाभर जवळजवळ दर आठवड्याला फेरी. पाणी कमी वाहिले तर दाब चढतो, फार वाहिले तर डोळा मऊ पडतो. डॉक्टर दाब मोजतात, वेळ पाहून एखादा टाका सैल करतात. नजर पहिले काही आठवडे पूर्वीपेक्षा धूसरच असते. डोळ्यात खडा गेल्यासारखे खुपते. वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, डोळा चोळायचा नाही, झोपताना वर कवच बांधायचे. नरकचतुर्दशीला मी गळ्याखालीच अंघोळ केली, तर आमच्या घरी ते अशुभाचे लक्षण ठरले!

मला हे सारे तुकड्यातुकड्याने कळले, आणि पुष्कळसे डॉक्टरांकडून नव्हे, तर दवाखान्याच्या बाकावर. तिथे एक मेंढपाळ भेटला. डोळ्याची लाली गेली तेव्हा त्याने 'बरे झाले' म्हणून थेंब सोडले, आणि त्याचा सांडवा बुजला. एक बाई होती. पंधराव्या दिवशी ती पाण्याच्या घागरी वाहू लागली होती, कारण घरात दुसरे कुणी वाहणारे नव्हते. या दोघांना 'अडाणी' म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे.

मोठे डॉक्टर तसे होतातही. "खेडवळ रोग्याला सांगून कळत नाही," असे मी माझ्या कानांनी ऐकले. का कळत नाही? डाळिंबाच्या बागेला कोणते औषध, कोणत्या दिवशी, किती पाण्यात मारायचे हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याला थेंबांचे वेळापत्रक कळणार नाही? त्याला ते त्याच्या भाषेत कुणी सांगितलेच नाही, हे खरे. आमच्या पूर्वभागात घरोघर कानडी बोलतात, आणि हाती पडतो तो कागद इंग्रजी! दुसरा आक्षेप वेळेचा. शस्त्रक्रियेला तास काढता येतो, मग ती टिकवण्यासाठी दहा मिनिटे का निघू नयेत? तिसरे म्हणणे असे की, रोगी फेरीला येतच नाहीत. जतहून मिरज सुमारे ऐंशी किलोमीटर. उमदी-संखाकडच्या माणसाने आधी जतला यायचे, मग पुढची गाडी धरायची. सोबतीला मुलगा हवा, म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. अशा पाच-सहा फेऱ्या ज्याने केल्या त्याला मी रोगी म्हणत नाही, वारकरी म्हणतो.

आता बहिणीची गोष्ट. तिसऱ्या फेरीला डॉक्टर उठता उठता म्हणाले, "भावाबहिणींचे डोळे तपासून घ्या हं, हा रोग घराण्यात असतो." इतकी मोठी गोष्ट, आणि ती उठता उठता! बहिणीला डाव्या डोळ्याने अंधुक दिसत होते. दोन वर्षांपूर्वी तिला कुणीसे सांगितले होते की, "मोतीबिंदू आहे, पिकू द्या." ती बिचारी पिकण्याची वाट पाहत बसली. तपासले तेव्हा दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डावा डोळा गेला होता. उजवा औषधावर टिकून आहे. ज्या बहिणीने मला थेंब घालायला लावले, तिच्या डोळ्यात त्याआधी दोन वर्षे थेंब पडायला हवे होते. तिला कुणी सांगितले नाही. आणि मी सख्खा भाऊ, शिकलासवरलेला, मीही कधी विचारले नाही.

म्हणून माझे मागणे मोजके आहे. किती शस्त्रक्रिया केल्या हे मोजू नका. वर्षानंतर किती डोळे टिकले ते मोजा. डोळ्याचा दाब मोजण्याची आणि शस्त्रक्रियेनंतरच्या साध्या तपासणीची सोय तालुक्याच्या ठिकाणी करा. रोग्याच्या हाती त्याच्या भाषेतला कागद द्या, आणि त्यावर ठळक लिहा की, हा डोळा वर्षांनंतरही लाल झाला, दुखू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि वाचकहो, तुमच्याकडे एवढेच मागतो : यंदा फराळाला गेलेल्या घरी असा रोगी भेटला, तर "दिसायला लागलं का?" म्हणू नका. "थेंब घातले का? पुढची फेरी कधी? सोबत येऊ का?" असे विचारा. चाळिशी उलटलेल्या भावाबहिणींनी या भाऊबीजेला एकमेकांना डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यावे. मी माझ्या बहिणीला दरवर्षी लुगडे घेतले. त्या लुगड्यांचे रंग आता तिला एकाच डोळ्याने पाहावे लागतात.