अधोली आणि शीग



आमच्या घरी, हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यात, पितळेची एक अधोली आहे. दोन शेरांची अधोली व दोन अधोल्यांची पायली, हे धान्यमापनाचे जुने कोष्टक. १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली. तरी खेड्यातील उसनवारीत ही मापे पुढेही चालत राहिली. १९७२च्या दुष्काळात आईने याच अधोलीने शेजारणीला ज्वारी दिली होती. देताना शिगोशीग, परत घेताना मात्र काठोकाठ, हा तिचा नियम.

मापाच्या काठावर धान्याची जी रास उभी राहते, ती शीग. किलोच्या वजनाला शीग नसते. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे आपण आजही लिहितो. पण शीग पाहिलेले डोळे कमी होत चालले आहेत. वस्तू व्यवहारातून गेली की शब्द लगेच मरत नाही, तो आंधळा होतो.

निरुपयोगी वस्तू सांभाळणे हा केवळ मोह आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. घरे लहान झाली, पितळेला मोडीत भाव मिळतो. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते अशा साध्या वस्तूंनाही मान मिळाला आहे. दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या संग्रहाला दिवंगत मुलाचे नाव दिले. परंतु प्रत्येक घराची अधोली संग्रहालयात जाऊ शकत नाही, आणि तशी गरजही नाही.

माझे मत असे की, जपायची ती वस्तूपेक्षाही तिची गोष्ट. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूर यांचे प्रतिपादन आपण अभ्यासले आहे. वस्तूचेही तसेच आहे. तिचा अर्थ धातूत नसतो, सांगणाऱ्या माणसांत असतो. आमच्या अधोलीचा काठ एका बाजूला चेपलेला आहे. गावोगावी शब्द विचारत फिरलेल्या मी, तो कशाने चेपला हे आईला कधी विचारले नाही. आता सांगणारे कोणी उरले नाही.

आपण बहुतेक जण संसार सांभाळून शिकत आहात. घरात एखादे वडीलधारे माणूस असेल, तर आजच एक जुनी वस्तू त्यांच्या हाती द्या आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा.