एम.ए.चा प्रबंध हे चळवळीचेच काम आहे

माधवनगर आणि आसपासच्या वस्त्यांतून एम.ए. करणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढते आहे, याचा आम्हाला आनंद आहे. पण त्यांना 'तुमचा संशोधन प्रकल्प कशावर आहे?' असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : 'सरांनी दिलाय विषय, बघू शेवटी.' हे 'बघू शेवटी' आम्हाला अस्वस्थ करते. विहारात जयंतीची वर्गणी, मिरवणुकीचा मार्ग आणि बॅनरवरचे फोटो यांवर रात्र-रात्र चर्चा करणारी आपली चळवळ, आपल्याच पोरांच्या प्रबंधावर पाच मिनिटेही का बोलत नाही?

आधी व्यवहाराची गोष्ट. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात दोन वर्षांच्या एम.ए.ला 88 श्रेयांक आहेत. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे 4, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पाचे 4 आणि चौथ्या सत्रात 6. म्हणजे प्रकल्पाचेच 10 श्रेयांक झाले. एवढे वजन असलेल्या कामाचा बाजार मांडला गेला आहे. जुन्या प्रबंधाचे मुखपृष्ठ बदलायचे, गावाचे नाव बदलायचे, बाइंडिंग करून जमा करायचे. आता तर मोबाईललाच विचारले की पन्नास पाने तयार. वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आहेत. 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, त्यापुढे प्रबंध परत येतो आणि 60 टक्क्यांवर गेले तर नोंदणीच रद्द होऊ शकते. पण शिक्षेची भीती हा आमचा मुद्दा नाही. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर शिकायची बंदी होती, त्यांनी आपल्या हाती आलेली लेखणी भाड्याने का द्यावी, हा आमचा सवाल आहे.

बाबासाहेबांनी एम.ए.चा अभ्यास कसा केला ते पाहा. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्यांचे नाव घातले गेले, तेच भीमराव 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. मे 1915 मध्ये त्यांनी एम.ए.साठी 'ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार' हा निबंध सादर केला. तो चाळीस-बेचाळीस पानांचा आहे. महसूल किती, मिठावरचा कर किती, सार्वजनिक बांधकामावर खर्च किती, कर्ज कोणाच्या डोक्यावर, असा आकड्यांनिशी हिशेब मांडून त्यांनी कंपनीने हिंदुस्थानला किती दिले आणि किती नेले ते दाखवले. तेव्हा त्यांचे वय 24 होते. आज आपली पोरे एम.ए. करतात त्याच वयाचे!

पुढच्याच वर्षी, 9 मे 1916 रोजी, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. एका वर्गासाठी लिहिलेला हा निबंध मे 1917 मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला आणि जातीचा अभ्यास करणाऱ्याला आजही तो टाळता येत नाही. त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले केतकर यांच्या जातीच्या व्याख्या ते आधी समोर ठेवतात आणि एकेक तपासतात. मग स्वतःचे म्हणणे मांडतात : जातीचा गाभा म्हणजे जातीअंतर्गत विवाह. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या बंदिस्तीसाठीच कशा उपयोगी पडल्या, हे ते तर्काने सिद्ध करत नेतात. आणि शेवटी सांगतात की आपले म्हणणे चुकीचे ठरले तर ते सोडायची आपली तयारी आहे. ज्याने जातीचा दाह अंगावर सोसला होता, तो माणूस विद्यार्थी म्हणून इतक्या शांतपणे पुरावा मांडतो, हे आपण शिकायचे आहे. घोषणा सभेत द्यायच्या असतात, प्रबंधात पुरावा द्यायचा असतो.

'एका प्रबंधाने काय क्रांती होते?' असे म्हणणारे कार्यकर्ते आम्हाला भेटतात. डिसेंबर 2023 मध्ये विधान परिषदेत राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनीही पीएच.डी. करून काय दिवा लावणार, असा सवाल केला होता. उत्तर इतिहासात आहे. कंपनीच्या हिशेबापासून निघालेला तो विद्यार्थी प्रांतिक वित्तव्यवस्थेकडे गेला, तिथून 1923 च्या 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथाकडे गेला आणि 1925 साली चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष द्यायला उभा राहिला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच आकड्यांत गाठण्याची ताकद त्या चाळीस पानांपासून तयार होत गेली.

मग आपण लिहायचे कशावर? विषय दिल्लीत शोधायची गरज नाही, तो आपल्या दारात आहे.

माधवनगरची कॉटन मिल घ्या. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी मुंबईच्या गिरण्यांतला एक प्रश्न उघड केला होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतच नसत आणि जास्त मजुरी तर त्याच खात्यात होती. आमच्या मिलमध्ये काय होते? कोण कोणत्या खात्यात होते, बढती कोणाला मिळाली, पाण्याचा माठ एक होता की दोन, मिल बंद पडल्यावर कोणाची मुले नोकरीला लागली आणि कोणाची रोजंदारीवर गेली? हे सांगणारी माणसे आता थकली आहेत. दर वर्षी त्यातले काही जण जातात आणि त्यांच्याबरोबर एकेक कागद न झालेला पुरावा जातो. वीस म्हाताऱ्यांच्या मुलाखती नीट घेतल्या तरी एक प्रबंध उभा राहतो.

दुसरा विषय जमिनीचा. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली आणि महार वतनाच्या जमिनी अटींवर परत मिळाल्या. एका गावाचे जुने फेरफार आणि आजचे सातबारे शेजारी ठेवा. त्या जमिनी आज कोणाच्या नावावर आहेत, कधी आणि कोणत्या परवानगीने गेल्या, हे तलाठी कार्यालयात आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात सापडते. तिसरा विषय पैशाचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. पाच वर्षांचा हिशेब 10 रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर मागता येतो. चौथा विषय 2019 च्या महापुराचा. सर्वेक्षण, पंचनामे आणि मदत कोणत्या वस्तीत कधी पोहोचली? पाचवा बेडगचा. 2023 साली बाबासाहेबांच्या नावाची कमान पाडली गेली आणि आपली कुटुंबे गाव सोडून मुंबईच्या दिशेने चालू लागली. ती बातमी चार दिवसांत जुनी झाली. अभ्यास झाला असता तर ती दस्तऐवज म्हणून उरली असती.

आजवर आपल्यावर इतरांनीच लिहिले. गॅझेटियर लिहिणाऱ्या साहेबाने लिहिले, मग विद्यापीठातल्या सवर्ण अभ्यासकाने लिहिले. त्या लिखाणात आपण कोष्टकातला एक रकाना होतो. आता प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे दोघेही एकाच वस्तीतले असू शकतात. मात्र म्हणून मनासारखे उत्तर निघेल असे नाही. आपल्याच समाजातल्या पोटजाती, आपल्याच घरातल्या बाईचे स्थान, आपल्याच पुढाऱ्यांनी विकलेल्या जमिनी, असे काही हाती लागले तर तेही लिहावे लागेल. तो धडा 1916 च्या निबंधानेच दिला आहे.

पोरांच्या अडचणी आम्हाला माहीत आहेत. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकानात काम, घरात बसायला कोपरा नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वेळेवर जमा होत नाही. एम.ए.च्या प्रकल्पासाठी फेलोशिप नाही. इंग्रजी संदर्भ वाचताना दम लागतो. कोणी म्हणेल, आधी एमपीएससी, मग बाकीचे. पोटाचा प्रश्न खोटा नाही. पण प्रकल्प कसाही करावाच लागणार आहे. तोच वेळ खऱ्या कामाला दिला तर वाचायची, मांडायची आणि पुरावा तोलायची सवय लागते. मुलाखतीच्या खोलीतही तीच उपयोगी पडते.

म्हणून आमची मागणी चळवळीकडे आहे. प्रत्येक विहारात संध्याकाळी दोन तास एक टेबल, वीज आणि इंटरनेट विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवा. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक हिस्सा झेरॉक्स, प्रवास आणि छपाईसाठी बाजूला काढा. आपल्यातले प्राध्यापक, शिक्षक आणि वकील यांनी वर्षाला निदान एका विद्यार्थ्याचा कच्चा मसुदा ओळीन् ओळ वाचून द्यावा. आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक प्रबंधाची एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवा, एक दिवस वस्तीसमोर त्याचे वाचन करा. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना आपले काय लिहिले गेले ते कळलेच पाहिजे.

दहा वर्षांत अशा शंभर प्रती जमल्या तर या भागाचा आपला इतिहास आपल्या कपाटात असेल. उद्या जमिनीचा दावा, निधीचा प्रश्न किंवा अत्याचाराची केस उभी राहिली तर हात रिकामा नसेल. मित्रांनो, विषय या आठवड्यात ठरवा, पहिली मुलाखत पुढच्या रविवारी घ्या.

जय भीम!