ज्यो गप्प का बसला?

मुलांच्या हाती कादंबरी देताना आपण आधी पाहतो, त्यातली मोठी माणसे चांगली आहेत ना? आम्हीही तेच पाहत असू. चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (१८६१) वाचली आणि एवढेच पाहणे अपुरे वाटू लागले.

अनाथ पिप थोरल्या बहिणीच्या घरी वाढतो. ती त्याला छडीने मारते. तिचा नवरा ज्यो लोहार. पिपवर त्याचा फार जीव, पण हा मार तो थांबवत नाही. भरल्या पंगतीत पिपला बोलणी बसली की तो मुकाट्याने त्याच्या ताटात आणखी रस्सा वाढतो. ज्योचा दारुडा बाप त्याच्या आईला मारत असे. आपल्या हातून एखाद्या बाईवर अन्याय होऊ नये, या धास्तीने ज्यो गप्प राहतो. कारण पटते, पण त्या गप्प राहण्याची किंमत लेकराने मोजली.

पुढे पैसा आल्यावर पिपला याच ज्योची लाज वाटते. तरी तो आजारी पडताच ज्यो धावून येतो, सेवा करतो, कर्ज फेडतो. आणि कबूल करतो, तुला वाचवावेसे वाटे, पण माझे बळ अपुरे पडले.

आपल्या घरांतही असे अब्बा, चाचा, मामू असतात. आधी गप्प बसतात, मग खाऊ आणतात. मुलांना खाऊ आवडतो, पण गप्प बसणेही लक्षात राहते. “बेटा, तेव्हा मी बोलायला हवे होते,” हे सांगायला मूल मोठे होण्याची वाट कशाला पाहायची?