टाके निघाल्यानंतर

बर्फावरची हॉकी आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नसते. खेळाडूंच्या बुटांना धारदार पोलादी पाती असतात, चेंडूऐवजी टणक रबरी चकती असते आणि गोलरक्षक जवळजवळ चिलखतातच वावरतो. क्लिंट मलार्चुक हा असाच एक कॅनेडियन गोलरक्षक. जन्म १९६१चा, अल्बर्टा प्रांतातला. क्वेबेक, वॉशिंग्टन आणि बफेलो या संघांकडून तो व्यावसायिक सामने खेळला. थोर खेळाडूंत त्याची गणना होत नाही. तरीही वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी त्याची कारकीर्द जाणून घ्यावी, असे मला वाटते.

२२ मार्च १९८९ रोजी बफेलो येथे सेंट लुईसविरुद्ध सामना चालू होता. दोन खेळाडू वेगाने घसरत गोलवर आदळले आणि एकाच्या बुटाचे पाते मलार्चुकच्या मानेत गेले. मानेतील मोठी शीर कापली गेली. काही क्षणांत बर्फ लाल झाला. आपण वाचत नाही, अशी त्याची खात्री झाली होती. आई दूरचित्रवाणीवर सामना पाहत असणार, म्हणून तो आधाराने का होईना, पण स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. त्याला वाचवले ते संघाचे शुश्रूषक जिम पिझुटेली यांनी. व्हिएतनाम युद्धात सैन्याचे वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेल्या या गृहस्थांनी कापलेली शीर हाताने दाबून धरली. पुढे जखमेला सुमारे ३०० टाके पडले.

दाब. रक्तस्राव थांबवण्याचा पहिला उपाय आजही हाच आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांना दाढी करताना कापले किंवा आजींची नाजूक त्वचा पलंगाच्या कडेला फाटली, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून किमान दहा मिनिटे सलग दाबावे. थांबले का, हे पाहण्यासाठी मध्येच उचलू नये. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. हळद, कॉफीची पूड यांनी जखम भरू नये (हा आपल्या घराघरांतला जुना हट्ट!). रक्त उसळत असेल किंवा थांबत नसेल, तर दाब न सोडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

आता कथेचा दुसरा भाग. माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. दोन आठवड्यांच्या आत मलार्चुक पुन्हा गोलसमोर उभा राहिला. सर्वांनी त्याच्या धैर्याचे कौतुक केले. मनाला काय झाले, याची विचारपूस झाली नाही. दुःस्वप्ने पडू लागली, झोप उडाली, दारू वाढली. लहानपणापासूनची चिंता आणि मंत्रचळ उफाळून आले. १९९२मध्ये दारू आणि औषधे एकत्र घेतल्याने तो मरणाच्या दारात पोहोचला, तेव्हा कुठे मंत्रचळाचे निदान होऊन उपचार सुरू झाले. पुढे तो गोलरक्षकांचा प्रशिक्षकही झाला. पण फेब्रुवारी २००८मध्ये त्याच बफेलो शहरात रिचर्ड झेडनिक या खेळाडूची मान तशीच कापली गेली आणि एकोणीस वर्षे दडपलेले सारे वर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने स्वतःचा जीव संपवण्याचा प्रयत्न केला. तो वाचला. आघातोत्तर तणावावर त्याने दीर्घ उपचार घेतले, पुन्हा प्रशिक्षकाचे काम केले आणि २०१४ साली हे सर्व आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर हाड उत्तम जुळलेले असते, तरी आई न्हाणीघरात एकटी जायला घाबरते. अतिदक्षता विभागातून आलेले वडील रात्री दचकून उठतात, चिडतात, जेवण टाळतात. आपण म्हणतो, ‘वय झाले.’ वयामुळे असे होतेच असे नाही. अशी लक्षणे महिनाभर टिकली, तर डॉक्टरांना सांगा. अचानक भ्रम झाला, माणसे ओळखता येईनाशी झाली, तर त्याच दिवशी दाखवा. ‘जगून काय करायचे’ असे शब्द कानी पडले, तर हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा, स्पष्ट विचारा, एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा. टेली-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे. रुग्णाची सेवा करून थकलेल्या सुनेने, मुलीने किंवा पतीनेही तेथे स्वतःसाठी दूरध्वनी करायला हरकत नाही.