टायरचा घसारा



पाऊस सुरू झाला की पुण्यातील घरोघरी मुळशीचा बेत ठरतो. भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकीत गाडी धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटाला लागते. हा पट्टा अतिवृष्टीचा. अशा निसरड्या वळणांवर गाडीचे प्रत्येक चाक जमिनीला टेकते ते जेमतेम तळहाताएवढे. चार-पाच जिवांचा भार त्या चार तळहातांवर असतो.

आपण व्यापारी माणसे वहीत गाडीवर दरवर्षी घसारा लावतो. टायरचा घसारा मात्र वाकून पाहत नाही. ‘अजून एक पावसाळा निघेल’ हा हिशेब येथे महागात पडू शकतो.

मुलांच्या खेळातील, खाचेतून धावणाऱ्या विजेच्या शर्यतगाड्यांचे टायर बहुधा गुळगुळीतच असतात. तेथील मार्ग कोरडा. जितके रबर टेकेल तितकी पकड अधिक. खऱ्या शर्यतीतही कोरड्या दिवशी बिनखाचांचे टायर चालतात, पाऊस आला की ते बदलावे लागतात. म्हणूनच झिजलेला टायर उन्हाळाभर कसलीही तक्रार करीत नाही. खाचांचे काम पाणी बाहेर फेकण्याचे. त्या उथळ झाल्या की वेगात टायर पाण्याच्या थरावर तरंगतो. मग स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. तसे झाल्यास ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटर हळूहळू सोडावा व स्टिअरिंग सरळ धरावे.

मोटारीच्या नव्या टायरच्या खाचा साधारण 8 मिलिमीटर खोल असतात. कायद्याची किमान मर्यादा 1.6 मिलिमीटर. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर त्यांच्या पातळीला आला की तो बाद समजावा. घाटात जाणाऱ्याने 3 मिलिमीटरलाच निर्णय घ्यावा, हे शहाणपणाचे.

खरेदी करताना टायरच्या बाजूवरील चार अंक वाचावेत. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून राहिलेले रबरही कडक होत जाते. तेव्हा सवलतीच्या मोहात जुना माल घेऊ नये. आकार कंपनीने सांगितलेलाच असावा. दोनच टायर बदलायचे असतील, तर नवी जोडी मागे बसवावी, म्हणजे ओल्या वळणावर गाडीची मागची बाजू घसरण्याचा धोका कमी होतो.

निगा सोपी आहे. हवा टायर थंड असताना तपासावी. भरल्या गाडीसाठीचा आकडा बहुधा चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर लिहिलेला असतो. धुण्यास साबणपाणी पुरेसे. रॉकेल वा डिझेल रबराला मारक. चकाकी आणणारे पॉलिश जमिनीला टेकणाऱ्या भागावर कधीही लावू नये. बाजूला चीर वा फुगवटा दिसल्यास पंक्चरवाल्याकडे न जाता टायरच बदलावा.

दुकानाचा स्टॉक आपण नियमाने मोजतो. त्याच शिस्तीने महिन्यातून एकदा चार टायर व डिकीतील पाचवा पाहावा. पाच मिनिटांचे हे काम आहे, आणि ते मुळशीला निघण्यापूर्वी व्हावे.